भांडण नसते तेव्हाचे काम : गोव्यातील सरपंच आणि पंचांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

गोव्यातल्या १९१ ग्रामपंचायतींच्या सरपंच, उपसरपंच आणि पंचमंडळींना हे पत्र आहे. "मुख्यमंत्र्यांना लिही, नाहीतर पोलीस महासंचालकांना लिही," असे घरच्यांनी सुचवले. पण मला जे मागायचे आहे ते पणजीत मिळणारे नाही. ते गावातच होऊ शकते, आणि गावात रोजचा राबता तुमचा आहे. कोणाला दाखला हवा असतो, कोणाच्या नळाला पाणी नसते, कोणाच्या शेजाऱ्याने कुंपण पुढे सरकवलेले असते. सगळे आधी तुमच्याच दारात येतात.

मागणी सुरुवातीलाच सांगते. प्रत्येक पंचायतीने एक कायमचा सलोखा गट नेमावा. गावात काहीही घडलेले नसताना नेमावा, आणि पुढे काही घडो न घडो, त्याने महिन्यातून एकदा बसावे.

मी फोंडा तालुक्यातली. समाजकार्याचे शिक्षण संपवून बाहेर पडले आणि कामाची बरीच वर्षे श्रीलंकेच्या उत्तर भागात, मन्नार आणि वावुनिया जिल्ह्यांत काढली. तिथले यादवी युद्ध संपल्यावर एकमेकांचे वैरी झालेले समाज पुन्हा एका विहिरीवर, एका किनाऱ्यावर, एका शाळेत शेजारी आले होते. त्यांच्यात नवे भांडण शिजत असेल तर ते वेळीच ओळखायचे आणि माणसे समोरासमोर बसवून मिटवायचे, हे आमचे काम.

गोवा म्हणजे श्रीलंका नव्हे, हे मला कळते. आपल्याकडे युद्ध झालेले नाही आणि ते येणार आहे अशी भीती घालायला मी बसलेले नाही. पण युद्धाआधीची श्रीलंका कशी होती हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी पुष्कळ ऐकले, आणि ऐकताना मला सारखा गोवा आठवायचा. १९३१ पासून तिथे सर्व प्रौढांना मताचा अधिकार होता. गावोगाव शाळा, चांगले दवाखाने, शेजारधर्म तर वाखाणण्यासारखा. १९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा आला. मग नोकऱ्या, विद्यापीठाचे प्रवेश, जमिनी, एकेक गोष्टीत तमिळ आणि सिंहली अशी फाळणी होत गेली. जुलै १९८३ मध्ये तमिळ बंडखोरांनी जाफन्यात १३ सैनिक मारले, आणि कोलंबोत तमिळांची घरे जाळायला निघालेल्या जमावांच्या हातात मतदार याद्या होत्या. कोणत्या घरात कोण राहते हे सांगणारा साधा सरकारी कागद. तिथून मे २००९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षे, युद्ध चालले.

भाषेचा वाद आपल्यालाही नवा नाही. १९८६ च्या अखेरीस याच वादात गोव्यात माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीला शासकीय वापरात जागा ठेवली. मी घरात कोकणी बोलत आणि मराठी वाचत-लिहीत वाढले. त्या कायद्याने माझ्या मराठीला पुरेसे दिले का, यावर मी तासभर बोलू शकेन. तरीही दुसऱ्याला थोडी का होईना जागा ठेवणारा कायदा आणि अजिबात न ठेवणारा कायदा यांत केवढे अंतर असते, ते श्रीलंकेत राहिल्यावर मला नीट समजले.

दंगल कशी सुरू होते हे तुम्ही जवळून पाहायला हवे, म्हणून दोन प्रसंग सांगते. मार्च २०१८ मध्ये कॅण्डीजवळच्या दिगना भागात मुस्लिमांची घरे-दुकाने जळली, देशभर आणीबाणी लागली, फेसबुक आणि व्हॉट्सॲप बंद करावे लागले. सुरुवात २२ फेब्रुवारीची. रस्त्यावरच्या बाचाबाचीतून काही मुस्लिम तरुणांनी एका सिंहली ट्रकचालकाला मारहाण केली. तो रुग्णालयात होता आणि मार्च उजाडल्यावर वारला. म्हणजे मारहाण आणि जाळपोळ यांच्यामध्ये आठवड्याहून जास्त वेळ होता. त्याआधी, २०१४ मध्ये अलुथगामात असेच झाले. एका बौद्ध भिक्खूची गाडी आणि काही मुस्लिम तरुण यांच्यात रस्त्यावर तंटा झाला, तीन दिवसांनी सभा भरली आणि सभेनंतर घरे पेटली. मधले हे दिवस म्हणजे आमच्या कामाचा सगळा वाव. जखमीच्या घरी दुसऱ्या समाजातून कोण गेले? रुग्णालयाच्या खर्चाचे कोणी विचारले का? पोलीस काय करताहेत हे दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच शब्दांत कोणी सांगितले? असे तंटे म्हापशाच्या बसस्टँडवरही होतात. क्वचित त्यांतल्या दोघांची नावे दोन धर्मांची असतात आणि कोणीतरी व्हिडिओ काढलेला असतो. त्या दिवशी जखमीच्या घरी कोणी जायचे हे आधी ठरलेले नसेल, तर कोणीच जात नाही.

"आमच्याकडे असे होत नाही," हे वाक्य मी दोन्ही देशांत ऐकले. गोव्यात त्याला लगेच दाखले दिले जातात आणि ते खरे आहेत. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. कुंकळ्ळीच्या सोंत्र्यांत बारा वांगडांच्या (कुळांच्या) छत्र्या निघतात आणि ख्रिस्ती गावकरही त्यात असतात. शिवोलीचा जागर दोघांचा. मला या सगळ्याचा अभिमान आहे. पण मन्नार जिल्ह्यातले मडूचे मेरी मातेचे चर्च पाहिल्यापासून तेवढ्यावर विसंबून राहणे मी सोडले. मडूच्या मातेच्या दर्शनाला तमिळ आणि सिंहली दोघेही पिढ्यानपिढ्या येतात, हिंदू आणि बौद्धही येतात. तिथल्या लोकांना गोवा ठाऊक आहे तो बाणावलीत जन्मलेल्या आणि श्रीलंकेत धर्मकार्य केलेल्या संत जुझे वाझ यांच्यामुळे. "मी गोव्याची" म्हटल्यावर अनोळखी घरांत मला पाट मिळाला तो त्यांच्या पुण्याईने. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना कोलंबोत संत घोषित केले आणि त्याच दिवशी ते मडूला गेले. असे हे सर्वांचे ठिकाण. तरीही युद्ध त्याच्या आवारापर्यंत आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथे आसऱ्याला आलेली माणसे तोफगोळ्यांनी मेली, २००८ मध्ये तर मातेची मूर्तीच सुरक्षित जागी हलवावी लागली. सामायिक श्रद्धेने माणसांना आसरा दिला. भांडण थांबवायला ती पुरली नाही.

आता हे काम प्रत्यक्षात कसे असते ते सांगते. मन्नारच्या किनाऱ्यावरचे एक गाव. तिथे तमिळ ख्रिस्ती मच्छीमार. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेने उत्तरेतून सुमारे ७५ हजार मुस्लिमांना हाकलले होते, त्यांतली काही कुटुंबे वीस वर्षांनी परतलेली. शिवाय वारा फिरला की दक्षिणेकडचे सिंहली मच्छीमार हंगामापुरते येऊन वाळूवर झोपड्या घालायचे. किनारा तेवढाच, रापण ओढणारे तिप्पट. एका महिन्याच्या बैठकीत मासे विकत घेणारी एक बाई बोलता बोलता म्हणाली की बर्फाची गाडी हल्ली गावात थांबत नाही. बर्फ मुस्लिम व्यापाऱ्याचा होता. कोणी कोणाशी भांडलेले नव्हते, पोलिसांत तक्रार नव्हती. लोक गुपचूप लांबून, जास्त पैसे मोजून बर्फ आणू लागले होते. गरीब माणूस शेजाऱ्याला टाळण्यासाठी पदरचे पैसे घालतो, तेव्हा आत काहीतरी फार बिघडलेले असते. चौकशी केल्यावर कळले की रात्री लावलेले एक जाळे फाटलेले मिळाले होते, आणि ते कोणी कापले हे गावाने मनातल्या मनात ठरवून टाकले होते.

आम्ही ते जाळे वाळूवर पसरायला लावले. एक जुना तमिळ मच्छीमार आणि परतलेल्यांतला एक मुस्लिम म्हातारा, दोघे उकिडवे बसून एकेक टोक बोटांत धरून पाहू लागले. सुरीने कापलेला धागा सरळ तुटतो. हे धागे पिळवटलेले होते, त्यांचे तंतू सुटलेले होते आणि चीर वळत वळत गेली होती. भोवती पन्नासेक माणसे उभी, पण बराच वेळ कोणी बोलेना. मग दोघांनी एकच सांगितले, इंजिनाचा पंखा. रात्री कुठलीशी बोट जाळ्यावरून गेली होती. नुकसान कोणी भरून देणार नव्हते, पण त्याच संध्याकाळी तिन्ही गटांनी ठरवले की रात्री लावलेल्या जाळ्याच्या टोकाच्या बोयाला दिवा बांधायचा. पुढच्या आठवड्यात बर्फाची गाडी पुन्हा थांबू लागली.

ही गोष्ट कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, येणारही नव्हती. पण ती बाई त्या बैठकीत नसती, किंवा बैठकच नसती, तर दोन महिन्यांनी त्याच किनाऱ्यावर कोणाचे तरी डोके फुटले असते अशी माझी खात्री आहे.

आता आपल्याकडे वळते. मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे भागात मुस्लिमांच्या दुकानांवर हल्ले झाले. वाद एका बांधकामावरून होता. २०१७ मध्ये दक्षिण गोव्यात क्रुसांची तोडफोड झाली. जून २०२३ मध्ये कळंगुटला छत्रपतींचा पुतळा हटवण्याच्या पंचायतीच्या आदेशावरून जमाव पंचायत कार्यालयावर गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सां जुझे दी आरियलला शिवजयंतीच्याच दिवशी पुतळ्यावरून दगड उडाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीच्या विधानावरून लोक रस्त्यावर उतरले. यात कोण बरोबर, कोण चूक, हा या पत्राचा विषय नाही. मला दिसते ते असे की पुतळा, घुमटी, क्रुस, मशीद, कुठलेही बांधकाम असो, त्याचा कागद रस्त्यावर येण्याआधी बहुधा पंचायतीच्या टेबलावर आलेला असतो. म्हणजे वेळ तुमच्या हातात असते.

आणि सगळी भांडणे धर्माधर्मांतली नसतात. देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार महाजन आणि गावातले ग्रामस्थ यांच्यातला मानपानाचा वाद आठवून पाहा. पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून जत्रेच्या दिवशी जमावबंदी लागते. पूर्वी ती १४४ कलमाखाली लागायची, आता १६३ खाली. देवळाची चावी मामलेदाराकडे, दारात पोलीस, आणि सख्खे चुलतभाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या चतुर्थीला जात नाहीत. हे मी बाहेरच्या देशात पाहिलेले नाही, माझ्या तालुक्यात पाहिले आहे.

त्याहून मला काळजी वाटते ती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांची. ग्रामसभेत "भायले", म्हणजे बाहेरचे, म्हणून ज्यांच्या नावाने ओरड होते त्यांच्यातला एकही जण सहसा त्या ग्रामसभेत नसतो. कन्नड, लमाणी, बिहारी, ओडिया कुटुंबे आपल्या वाड्यांवर वर्षानुवर्षे राहतात, आपली घरे बांधतात, आपल्या होड्यांवर जातात. पुष्कळ गावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आज त्यांच्या मुलांमुळेच चालू आहे. मराठी टिकावी म्हणून आपण तळमळतो आणि ती गिरवणाऱ्या मुलाच्या बापाला गावात कोणी ओळखत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्या वाड्यावर चोरी झाली किंवा मुलगी बेपत्ता झाली तर गावाने बोलायचे कोणाशी? आणि त्यांनी सांगायचे कोणाला?

तालुक्याला शांतता समिती आहे, असे तुम्ही म्हणाल. असते. सणाच्या आधी किंवा काही घडल्यावर पोलीस ठाण्यात बैठक होते, तीच आठ-दहा मोठी माणसे येतात, चहा होतो, फोटो होतो. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण बर्फाची गाडी कुठे थांबते हे त्यांना कळत नाही.

युद्धग्रस्त भागांतले चांगले काम बहुतेक ठिकाणी अशा खालच्या माणसांपासूनच सुरू झाले. केनियाच्या वजीर भागात १९९० च्या दशकात वेगवेगळ्या कुळांचे लोक एकमेकांना मारत होते, तेव्हा बाजारात बसणाऱ्या बायकांनी आधी बाजार सर्वांसाठी खुला आणि सुरक्षित ठेवायचा निश्चय केला. त्या कामात पुढे असलेल्या डेखा इब्राहिम अब्दी यांना पुढे २००७ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण इतके लांब कशाला, आपल्याच भाषेतले उदाहरण घ्या. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी हिंदू-मुस्लिम माणसे आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसायचे, गटारापासून भोंग्यापर्यंत सगळे बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम ज्यांनी उचलले त्यांत गोव्याशी नाते असलेले मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो होते.

म्हणून गटात कोणाला घ्यायचे याबद्दल मी आग्रही आहे. पोदेर, म्हणजे पाववाला, घ्या, तो पहाटे सगळ्या वाड्यांवर जातो. अंगणवाडी सेविका घ्या, बसचा कंडक्टर घ्या, स्वयंसाहाय्य गटातल्या दोघी-तिघी घ्या, फुटबॉल संघाचा मुलगा घ्या, भाड्याच्या खोल्यांतली दोन माणसे घ्याच. निम्म्या बायका असाव्यात. बीटचा पोलीस हवा, पण बैठक ठाण्यात नको. पक्षाचे पदाधिकारी नकोत, आणि क्षमा करा, पण अध्यक्ष सरपंच नको. तुमच्याकडे निर्णयाचा शिक्का आहे, आणि शिक्का असलेल्या माणसासमोर लोक बाजू मांडतात, मनातले सांगत नाहीत.

या गटाने निवाडे करायचे नाहीत. आमच्या कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा तुम्हाला ठाऊक आहे. शिव आणि विष्णू यांचे युद्ध जुंपले, तेव्हा तिने मध्ये उभे राहून दोघांना दोन हातांनी धरले. जिंकले कोण, हे तिने सांगितल्याचे कोणी ऐकलेले नाही. श्रीलंकेत १९८८ च्या कायद्याने मध्यस्थी मंडळे निघाली, आज ती देशभर आहेत. बिनपगारी स्थानिक माणसे सुट्टीच्या दिवशी शाळेत किंवा देवळात बसतात. वादातली दोन्ही माणसे आपापले मध्यस्थ निवडतात. उसनवारी, बांधाचा वाद, शिवीगाळ, मारहाण, हे आधी तिथे जाते, मग कोर्टात. युद्धानंतर उत्तरेतही ती मंडळे सुरू झाली, आणि ज्यांचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता अशी माणसे तिथे येऊन बसलेली मी पाहिली, कारण समोरचा मध्यस्थ त्यांच्याच गावचा निवृत्त शिक्षक होता. आपल्या देशाच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीचे वेगळे प्रकरण आहे. परिसराची शांतता बिघडवू शकणारा वाद, दोन्ही बाजूंची संमती असेल तर, तीन मध्यस्थांपुढे ठेवण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे हे कायद्याबाहेरचे काही मागणे नाही.

आणखी एक, पैसा न लागणारी गोष्ट. युद्धानंतर भारत सरकारने श्रीलंकेत ५० हजार घरांची योजना हाती घेतली. घर कोणाला आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथे दारूगोळ्याइतकाच स्फोटक होता. लाभार्थ्यांच्या याद्या गावात फलकावर लागायच्या, हरकती घेतल्या जायच्या. नाव नसलेला माणूस चिडायचा, पण फलकासमोर चिडायचा, शेजाऱ्याच्या दारात जाऊन नाही. तुमच्या पंचायतीत घरक्रमांक कोणाला मिळाला, ना हरकत दाखला कोणाचा अडला आणि का, हे दर महिन्याला फलकावर लावा. निम्म्या अफवांचे मूळ तिथे असते.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सलोखा गटाचा विषय घ्या, एवढी विनंती आहे. फोंडा आणि धारबांदोडा तालुक्यांतल्या ज्या पंचायती गट नेमतील त्यांच्या पहिल्या सहा बैठकांना मी स्वतः येईन. ऐकायचे कसे, नोंद कशी ठेवायची, अफवा आली तर पहिल्या तासाभरात कोणी कोणाला फोन करायचा, हे शिकवीन, मानधन नको. बाकीच्या तालुक्यांसाठी हे काम येणारी आणखी माणसे गोव्यात आहेत, त्यांची गाठ घालून देईन. फक्त बैठक रात्री साडेसातनंतर ठेवा. त्याआधी कंडक्टरची शेवटची फेरी संपत नाही, आणि नऊच्या पुढे पोदेराला थांबवता येत नाही, त्याला पहाटे भट्टीवर जायचे असते.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक ग्रामस्थ